अम्माला नावं आठवतात

हुपरी, १९८३

अमीनभाई, सलाम.

ईदला आलास, अम्मानं तुला नावानं हाक मारली आणि तू मला म्हणालास, "काय बी झालं न्हाय तिला, उगं नाटकं करतीस."

शेजारची शांतव्वा पोटच्या पोराला पावणं म्हणती, म्हणून तिचं दुखणं तुला पटतं. कोल्हापूरचे डॉक्टर म्हणाले, अम्माला तेच हाय, फक्त तिची नावं अजून शाबूत हायत. जन्मभर पैंजणाच्या बारीक कड्या जोडल्या तिनं, आता स्वतःच्या पोलक्याची बाही सापडत न्हाय. रोज मीच तिचा हात धरून बाहीत घालते, अन् ती मला शिव्या देती.

हे पत्र टाकणार न्हाय. उत्तरात तू तिला सलाम लिहिशील, अन् ती गल्लीभर सांगंल, माझी काळजी एकट्या अमीनला हाय.

नजीरा