बोल्टमधलं कुंकू

आप्पा, मी रायफल घेतलीय. पॉइंट टू टू, परवान्याची. शाळेत पीटी शिकवता शिकवता नेमबाजीच्या स्पर्धांना जायचं खूळ डोक्यात शिरलं, त्याला मी तरी काय करू. नवी कोरी, आणि पहिल्याच दिवशी पुण्याच्या रेंजवर दहातल्या तीन गोळ्या नुसत्या टक् करून गप्प. माझं डोकंच फिरलं. गोळ्या बदलल्या, तरी तेच. न उडालेली काडतुसं निरखली, तर बुडाच्या काठावर पिनचा ओरखडा जेमतेम. म्हणजे पिन पोचत होती, पण तिच्यात जोर नव्हता. शिरूरला घरी येऊन टेबलावर जुनी चादर टाकली, आत गोळी नाही ना हे तुमच्यासारखं दोनदा बघितलं आणि पिन ज्यात बसते तो बोल्ट खोलला. आत तेलात कालवून घट्ट झालेला लाल चिकटा. बोटावर घेऊन हुंगला. कुंकू होतं.

आईला विचारलं. "मी न्हाई बाई हात लावला त्याला," ती म्हणाली. "आन् तुझा बाप गेल्यापास्नं ह्या घरात कुंकवाचा करंडा तरी हाय का?" खरंच नाही. मी टिकली लावते, आणि पूजा तर बारा वर्षांची असल्यापासून कशाचीच करत नाही. पुसून स्वच्छ केलं, दहाच्या दहा गोळ्या उडाल्या. म्हटलं, कारखान्यातला काहीतरी रंग असेल. पंधरवड्यानं पुन्हा टक्. आत पुन्हा तेच लाल, या वेळी ओलसर. रायफल कपाटात कुलपात होती आणि किल्ली माझ्या गळ्यात. मी भित्री नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, पण त्या दिवशी भर दुपारी पंखा बंद करून मी कान देऊन बसले होते. काय ऐकायचं होतं कोण जाणे.

वास मात्र ओळखीचा होता. दौंडच्या कोतात, पोलिसांच्या बंदुकांच्या त्या खोलीत, तेल आणि झेंडू मिळून असाच वास यायचा. एक्याण्णव सालची खंडेनवमी, मी दहा वर्षांची. रायफली ओळीनं उभ्या आहेत, तुम्ही आर्मरर, त्या साऱ्या बंदुकांची निगा राखणारे, कडक इस्त्रीच्या खाकीत, आणि प्रत्येकीच्या दस्त्याला अनामिकेनं एकच बोट लावताय. "लाकडाला लाव, बाय. लोखंडाला कुंकू चालत न्हाई, ते रुसतंय." पुढं महिन्याभरात केडगावकडे दरोडेखोरांच्या मागावर गेलेल्या एका शिपायाची रायफल ऐन वेळी टक् करून राहिली आणि त्याच्या मानेवर कोयता बसला. तो जागीच गेला. चौकशीत बोल्टमधून कुंकू निघालं. तुम्हाला कोतातून काढून फाटकावर उभं केलं, आणि दोन वर्षांत तुम्हीही गेलात. आई अजून म्हणते, "माणूस देवावानी, पर हातचा निष्काळजी."

काल तिसऱ्यांदा बोल्ट खोलला आणि या वेळी नीट बघितलं. तुम्ही बोट लावायचा. हे कुंकू वरून सोडलेलं होतं, चिमटीनं, आणि चिमूटही केवढीशी, लहान बोटांची. त्या खंडेनवमीला साहेब आले म्हणून तुम्ही बाहेर गेला होता, आप्पा. एक रायफल टेबलावर उघडी पडली होती. ओळीत नाही म्हणून हिला कुणी कुंकू लावणार नाही, असं वाटून मला तिची दया आली. चौकशीचे साहेब घरी आले, मला जवळ बसवून विचारलं, "आत कुणी घातलं, बाळ?" मी म्हणाले, "आप्पांनी." तुम्ही दारातच उभे होता. माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "व्हय साहेब. माझ्याच हातनं झालं."

एवढं लिहून झालं आणि आई चहा घेऊन आली. "कुणाला लिवतीयास एवढं?" आज तिला सांगायचंच, असं ठरवून बसले होते. मी कागद उलटा केला आणि म्हणाले, "दुकानदाराला. रायफल खराब दिली म्हणून तक्रार करतेय."