फ्रिजसमोरचं तळं

इंचॉन, ३ नोव्हेंबर १९९४

ती. आईस मिरानचा शि. सा. न.

तुझं पत्र आणि वाळवलेल्या मिरच्या पोचल्या. इकडे सगळं क्षेम, फक्त रोज सकाळी फ्रिजसमोर तळं साचतं. मी आधी ह्यांच्यावर आळ घेतला, की पाणी पिताना सांडता. ह्यांनी रागाने तीन दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही, तरी तळं आहेच. मग ह्यांनी मोठ्या इंजिनिअरच्या थाटात फ्रिजखाली पुढून विटा लावल्या. आता पाणी मागे जातं! खालच्या मजल्यावरच्या बाई येऊन सांगून गेल्या, छताला डाग पडलाय. त्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, म्हणजे बोंब साऱ्या इमारतीत.

तू पाठवलेली कोबीची किमची केव्हाच संपली. फार छान झाली होती.

लोभ आहेच, तो असू दे.
मिरान


दाम्यांग, ७ नोव्हेंबर

चि. मिरानला अनेक आशीर्वाद.

जावईबापूंना म्हणावं, शहाणपण पुरे, विटा काढा. आतल्या मागच्या भिंतीशी खाली एक भोक असतं. वितळलेल्या बर्फाचं पाणी त्यातून जातं. ते तुंबलंय. सगळं बाहेर काढ, जेवायच्या काडीने भोक मोकळं कर आणि कोमट पाणी सोड. पण तुला ते जमायचं नाही. वीस तारखेच्या रविवारी मीच येते आणि फ्रिज रिकामा करते. यंदाची किमचीही आणते. संपली हे वाचून फार बरं वाटलं. तेवढं एक वाक्य वाचायला मिळावं म्हणून तर हा सगळा खटाटोप.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
आई


इंचॉन, १० नोव्हेंबर

ती. आईस शि. सा. न.

येऊ नकोस. फ्रिज मीच रिकामा केला. तुझ्या किमचीचे सहा डबे निघाले, दोन वर्षांचे. मागचा डबा भिंतीला टेकून सांडला होता आणि भोकात मिरचीचा नि बर्फाचा बोळा बसला होता. काडीने तो निघाला, पाणी गडगडत गेलं, गळती थांबली.

मी खोटं बोलले, आई. दोन हिवाळे तुझ्या किमचीची चव बिघडलीय. तुझ्या हाताची चव गेली असं वाटलं. तुला सांगवेना, खाववेना आणि टाकवेना. ह्यांनी तर एकदा डब्यापुढे हात जोडले. रागावू नकोस ना.

तुझीच, जशी आहे तशी
मिरान


दाम्यांग, १३ नोव्हेंबर

चि. मिरानला आशीर्वाद.

पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारीण धावत आली. अगं, दोन वर्षं माझी बोटं आखडलीत, मिठातला कोबी पिळवत नाही. तुला कळलं असतं तर तू काळजी करत बसली असतीस. म्हणून बाजारातल्या एका बाईची किमची घेऊन माझ्या डब्यांत भरत होते. तू दर वेळी फार छान झाली म्हणून लिहायचीस आणि माझ्या पोटात दुखायचं! तीस वर्षं मी केली तेव्हा कधी एवढी स्तुती केली नव्हतीस. दोन वर्षं त्या बाईशी मी धड बोलले नाही. उद्या जाऊन तिची माफी मागते.

आता गाडीचं तिकीट काढलंय, ते फुकट घालवू नकोस. कोबी आणून ठेव. पिळायला जावईबापूंना बसवू, मसाला मी कालवीन. बिघडली तर तोंडावर सांग.

दोघींचा लोभ असाच राहो, थापा मात्र पुरे.
आई