आठवी ओळ

आई, सिनेमा पूर्ण झाला. आपल्याच चर्चच्या मंडळीतल्या एका मुलाने तो केला आहे आणि आज सकाळी त्यानेच फोन करून सांगितलं. बाबांचा खून, मारेकऱ्याला झालेली शिक्षा, तुरुंगात त्याच्या हाती आलेलं बायबल, त्याचा पश्चात्ताप, असा दोन तासांचा. दुपारी इथे मनीषनगरच्या घरी मी तो लॅपटॉपवर पाहिला. शेवटच्या प्रसंगात तू चर्चमध्ये त्या माणसाशेजारी बसतेस आणि प्रभुभोजनाचा प्याला स्वतःच्या हाताने त्याच्यापुढे धरतेस. संगीत चढतं. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

बाबांना त्यात एकही वाक्य नाही. इतवारीत भर दुपारी, भांड्यांच्या दुकानासमोर, दोघांचं भांडण सोडवायला गेलेला माणूस पडद्यावर फक्त पडण्यापुरता येतो. उरलेला सगळा वेळ मारणाऱ्याचा. त्याचा पश्चात्ताप खोटा आहे असं मी म्हणत नाही; असेलही खरा. पण त्याच्या तारणासाठी यांना एक माफ करणारी बाई हवी होती. त्यांनी तुला घेतलं. तू जाऊन बारा वर्षं झाली, ‘नाही’ म्हणायला तू उरली नाहीस.

मला तू आठवतेस ती डावीकडच्या चौथ्या बाकावर. महिन्याचा पहिला रविवार. छोट्या प्याल्यांचं तबक हातोहात येतं आणि तू ते, एकही प्याला न उचलता, शेजारणीकडे देतेस. मनात राग ठेवून प्याला घ्यायचा नाही, हे आपल्याकडे रविवारच्या शब्बाथ शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं, त्यामुळे तुझा राग अख्ख्या चर्चला दिसायचा. शेजारीण, म्हणजे सिनेमा करणाऱ्या याच मुलाची आई, एकदा कुजबुजली, “घे वं बाई, किती वर्षं झाले आता!” तू समोर बघतच म्हणालीस, “तुले तहान लागली असन तर माझाबी तूच पी.” त्या दिवशी घरी आल्यावर तू ज्वारीचं पीठ मळत होतीस. मी नुकतीच पेपरात लागले होते. का घेत नाहीस, असं विचारलं तर परातीतून मान वर न करता बोललीस, “रोज प्रयत्न करून राहिली मी. जमलं का घेईन. नाही जमलं तर जमलं म्हणू काय? तेबी देवासमोर?” आणि मग मलाच दटावलंस, “पेपरात लिहितं ना तू? तुले तरी समजाले पाहिजे.”

हे सगळं मी आज त्या मुलाला फोनवर ऐकवलं. ऑफिसात कधी आवाज चढवला नाही, आज चढवला. “माझ्या आईने मरेपर्यंत प्याला घेतला नाही. तिने माफ केलं हे तुला सांगितलं कोणी?” तो म्हणाला, “ताई, तुम्हीच तर लिहिलं होतं जी. माझ्या आईनं ते कात्रण बायबलात ठेवलं आहे. खूप रडली होती ती. म्हणे, शेवटी जमलं बाईले.”

त्याचं खरं आहे. तुझी निधनवार्ता मीच लिहिली होती. आठ ओळींची जागा, सात भरलेल्या, पान छपाईला सोडायला दहा मिनिटं. आठवी लिहिली: ‘पतीच्या मारेकऱ्यालाही त्यांनी क्षमा केली होती.’ छान दिसत होती. कोणी तपासली नाही. तपासणारी तूच होतीस.

शेवट बदलायचा असेल तर शुक्रवारपर्यंत लेखी द्या, असं तो म्हणाला आहे. आज बुधवार. जन्मभर मी दुसऱ्यांच्या चुकांचे खुलासे छापले. माझा जेमतेम दोन ओळींचा आहे, आणि तो सोडून मी हे लिहीत बसले, जे कुठल्याच पत्त्यावर जायचं नाही. खुलासा उद्या देईन. येत्या रविवारी, महिन्याच्या पहिल्या, सकाळी प्रभुभोजन आणि दुपारी चर्चच्या हॉलमध्ये सिनेमा आहे. शिक्षा भोगून सुटलेला तो माणूस दोन्हीला येणार आहे. माझी जागा डावीकडच्या चौथ्या बाकावरच असते, तिथे तबक येईल. त्याला माफ मीही केलेलं नाही, आई. तरी दर पहिल्या रविवारी प्याला घेत आले आहे.