गाडीत हवा येत नाही म्हणून

सावेडी, अहिल्यानगर
मे महिना, ऊन विचारू नका

श्री. कारभारीराव यांस,
तुमच्या दाजींचा नमस्कार.

तुम्ही, वहिनी आणि गोठ्यातली मंडळी खुशाल असाल. तुमचा गुडघा काय म्हणतो? माझी प्रकृती उत्तम आहे, म्हणजे विचारणारं घरात कोणी नाही म्हणून उत्तम म्हणायची. तुमची आक्का तुमच्याकडे पारनेरला येऊन बसली आहे. गल्लीत मी सांगतो की कुरडया करायला माहेरी गेली; पण ती रागावून गेली आहे आणि साध्या निरोपावर परत येणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. फोन करावा तर तुमच्या घरी तो स्पीकरवर ठेवून बोलायची पद्धत, आणि मागचा भांड्यांचा आवाज एकदम थांबला की कोण ऐकतंय ते कळतं. म्हणून दुधाच्या टेम्पोवाल्याबरोबर हे पत्र. तिच्याकडून तुम्ही सगळं ऐकलं असेल. आता झालं काय ते ऐका.

मी विजेवरची गाडी घेतली तेव्हा ‘दाजी, ही बी उशाला चार्जिंगला लावायची का’ म्हणून तुम्ही हसला होतात. (ते मी कधीच विसरलो आहे.) तर या गाडीचा ए.सी. ऐन उन्हाळ्यात बसला. लावला की आत घरघर होते, पडद्यावर आकडे दिसतात, आणि जाळीतून फुंकर म्हणावी एवढीही हवा नाही. मी उदबत्ती धरून पाहिली. धूर सरळ वर गेला. कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करून मी स्वच्छ मराठीत सांगितलं, गाडीत हवा येत नाही. (यात न समजण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा.) पलीकडच्या बाईंनी पत्ता घेतला, गोड आवाजात धन्यवाद दिले, आणि दुपारी एक गृहस्थ पंप घेऊन दारात हजर. त्यांनी चारही चाकं तपासली आणि म्हणाले, “हवा तर टाईट हाय.” मी म्हणालो, अहो, आतली हवा. तर त्यांनी डिकी उघडून स्टेपनी तपासली. कंपनीच्या दप्तरी माझी तक्रार निकाली निघाली.

शेवटी तुमच्या आक्काला शेजारी बसवून, दोघंही घामाघूम, वर्कशॉप गाठलं. तिथल्या मच्छिंद्रनेच महिन्याभरापूर्वी गाडीची सर्व्हिसिंग केली होती. त्याने पुढच्या काचेखालची जाळी उचकटली तर आतून कुंकवाच्या अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या. पाडव्याला तुमच्या आक्काने गाडीची पूजा केली होती. लोक चार दाणे वाहतात. ही लग्नघरातल्यासारखी मुठीने उधळते. मी म्हणालो, सापडला रोग, आमच्या घरच्या भक्तीनेच गाडीचा गळा आवळला. आवाज जरा चढला असेल. चार गिऱ्हाईकं चहा पीत बसली होती, तीही हसली. आक्का तडक निघाली. पिशवी उचलली, रिक्षाला हात केला आणि जाताना एवढंच म्हणाली, “बसा आता एकटेच हवा खात.” थेट तुमच्याकडे आली.

आता संतापजनक भाग पुढेच आहे. अक्षता काढल्या, जाळी धुतली, आणि हवा तरीही नाही. मग मच्छिंद्रने पुढच्या कप्प्यामागून ए.सी.चा फिल्टर ओढून काढला. (ही हवा गाळायची घड्याघड्यांची चौकट असते.) सर्व्हिसिंगला त्यानेच नवा घातलेला, आणि घातला तो पॅकबंद पिशवीसकट. पिशवीतून हवा येणार कशी? मी त्याला असा फैलावर घेतला की चहा पिणारे कप खाली ठेवून बघायला लागले. तो शांतपणे म्हणाला, “सायेब, तुमीच बजावलं हुतं, नव्या वस्तूचं प्लास्टिक कुनी काढायचं न्हाई. मी इचारलं बी, आतलं बी न्हाई का? तुमी म्हनला, कशाचंच न्हाई.”

मला सांगा, कारभारीराव, यात माझी काय चूक? मी बोललो ते नव्या सीटकव्हरांबद्दल. वस्तूवरचं प्लास्टिक काढलं की ती जुनी व्हायला लागते, हे कोणीही शहाणा माणूस जाणतो. (तुमच्या टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत आहे, तेव्हा हसू नका.) पण माणसाने काही डोकं चालवावं की नाही? सांगितलेलं जसंच्या तसं ऐकायला तो काय सरकारी नोकर आहे?

असो. पिशवी काढली आणि हवा आली. चांगली गार येते. शेजारच्या सीटवर कोणी नसतं, तिकडची हवा फुकट जाते. तरी मी ती बाजू बंद करत नाही. बंद केली की गाडी फार रिकामी वाटते. तर आक्काला एवढंच सांगा, की दोष कंपनीचा निघाला आणि गाडी आता बरी आहे.

तुमचा दाजी,
रंगनाथ

ता. क. : हे पत्र तिला दाखवू नका. पिशवीचा मजकूर तर मुळीच नको.

दुसरा ता. क. : तुमच्या पोटात काही राहत नाही, तेव्हा दाखवालच. मग तोच मजकूर आधी दाखवा. चारचौघांत तिला बोललो ते चुकलं. समोर उभा राहिलो की हे वाक्य मला येणार नाही, वेगळंच काहीतरी येईल.

तिसरा ता. क. : रविवारी येतो. मुद्दाम गाडी अर्धीच चार्ज करून आणतो. तुमच्या ओट्यावर प्लग आहे ना? जाड पिनेचा नसेल तर नवा बसवू नका. साध्या प्लगवर गाडी चार्ज व्हायला अख्खी रात्र जाते, आणि माझ्याशी बोलायला तुमची आक्का तेवढा वेळ घेईलच.