ताईसाठी राखलेला तुकडा

४ मार्च

नापास झालो. रक्तगट जुळला, बाकीही सगळं जुळलं, पण स्कॅनमध्ये माझं यकृत चरबीनं भरलेलं निघालं. असला तुकडा ताईला बसवता येणार नाही म्हणाले. तिचं स्वतःचं तर संपतच आलंय. डोळे पिवळे, पाय सुजलेले.

तिला सांगितलं. ती हसली – "लहानपणी माझ्या ताटातलं उचलून खायचास. आता परत घ्यायची वेळ आली तर लोण्यात घोळवून ठेवलंयस होय रे?"

मला हसू आलं नाही.

५ मार्च

डॉक्टरीणबाईंनी बसवून समजावलं. मी म्हटलं, माझी बेकरी असली तरी लोणी मी फार खात नाही. "केक चाखता ना? यकृत साखरेचीही चरबी करतं."

चरबी रक्तात तशीच सोडता येत नाही, पाण्यात तेल मिसळत नाही तसंच ते. म्हणून यकृताची पेशी प्रथिनाचा एक लांबलचक धागा तयार करते. धागा होत असतानाच त्यावर चरबी चढवत जाते, वरून पातळ आवरण घालते आणि तो बारीक गोळा रक्तात सोडते. पुढे स्नायू त्यातली चरबी काढून घेतात. धाग्यावर चढवायला चरबी नसेल, तर पेशी तो धागाच मोडून टाकते.

"मग माझ्यात बिघाड कुठे झालाय?"

"पेशी गोळे भरून बाहेर पाठवतातच आहेत. तुम्ही आत त्याहून जास्त ओतताय, उरलेलं साठतं. ओतणं थांबवा, रोज चाला. बहुतेकांचा साठा उतरतो." मग म्हणाल्या – "ताईंकडे तेवढा वेळ आहे का, ते मात्र मी सांगू शकत नाही."

११ मार्च

चाखणं बंद. क्रीम आता बायको चाखते. "गोड कमी आहे" म्हणते. मी तिच्या जिभेवर विश्वास ठेवून साखर घालतो.

२० मार्च

चाललो. भूक. झोप.

२ एप्रिल

आज घसरलो. गरम बन, उभ्या उभ्या, लोणी लावून. बायकोनं पाहिलं. तिनं ट्रे उचलून पुढे काउंटरवर नेला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१९ एप्रिल

ताईनं मला विचारलं, "बाबा आले का रे?" बाबांना जाऊन कैक वर्षं झाली. यकृत थकलं की डोक्यावरही परिणाम होतो म्हणे.

मी निघताना मात्र अगदी भानावर होती. "तू नको कापून घेऊस. तुझी पोरं लहान आहेत."

"तू गप पड."

"दटावतोस कुणाला? मी मोठी आहे."

९ मे

स्कॅन झालं. चरबी पुष्कळ उतरलीय. चालेल म्हणाल्या! सोमवारी शस्त्रक्रिया. बायको दवाखान्याच्या जिन्यात बसून रडली. मलाही भीती वाटते. ताईला कळू देणार नाही.

११ मे

सकाळी दवाखान्यातून फोन आला. मेलेल्या माणसाचं यकृत मिळावं म्हणून ताईचं नाव प्रतीक्षायादीतही होतं. अपघातात गेलेल्या कुणाचं तरी यकृत तिला जुळलंय. कुणाचं, ते सांगत नाहीत. तिला आत नेलं. माझ्या पोटाला आता कुणी हात लावणार नाही.

ऑपरेशन थिएटरबाहेर समोरच्या बाकावर एक बाई पुरुषाचे बूट मांडीवर घेऊन बसली होती. तिचा माणूस तोच का, ते मी विचारलं नाही. पाणी आणून दिलं.