टाकातली बाई

माय, परवा दुपारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. आत्या पालमहून राहायला आलीय, तिच्यापुढं रडून झालं, तरी बोलायचं आहे ते तुझ्याशीच, आणि तुला जाऊन नऊ वर्षं झाली.

आपण मानवतला दुपारी बघायचो ती भुताची मालिका आठवते? मेलेली पहिली बायको घराभोवती फिरते आणि दुसरी दाराला लिंबू-मिरची बांधून, पहिलीच्या पोरीला घेऊन आत बसते. शेजारच्या बायका डाळ निवडत बघायच्या. शेवटच्या भागात दुसरी बायको उठून दाराशी जाते, आणि नेमकी तिथंच लाइट गेली. मग वाद जुंपला, ती दार उघडणार का, आणि कशासाठी. "पोरगी दाखवायला उघडील," तू म्हणालीस. "दुसरं काय मागायलीय ती? लेकरू बघायचंय तिला." मी नववीत, तोंडाची तिखट. "भेऊन उघडील. सावत्र आईला कसली आलीय माया," मी म्हणाले. सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या. मला वाटलं, आज मी जिंकले. तू सूप घेऊन आत गेलीस. दुसऱ्या दिवशी माझी वेणी घालताना तू विचारतेस, "तुला खरंच वाटतं का गं, ती भेऊन उघडील?" मी हो म्हणते. तू रिबीन बांधतेस आणि मला शाळेत पाठवतेस.

तो भाग आता मोबाइलवर सापडला. त्या मालिकेच्या वेड्यांचा एक ग्रुप आहे आणि मी या वयात त्यात आहे, हसू नकोस. तिनं दार उघडलं, माय. पोरीला कडेवर घेऊन. भीतीनं की मायेनं, यावर ग्रुपवर चार दिवस नुसती हाणामारी चालली होती. मी माझं नववीतलंच वाक्य लिहिलं. पटापट अंगठे आले, म्हणून कौतुकानं आत्याला वाचून दाखवलं. आत्यानं चहाची बशी खाली ठेवली.

"तू तरी असं म्हणू नको बाई. तुझ्या मायच्या गळ्यात टाक कुणाचा व्हता?"

"देवीचा."

"देवीचा न्हाई. तुला जन्म देऊन गेली तिचा. दुसरेपणाची बाई सवतीचा टाक घालती. ही आली तवा तू दीड वर्साची व्हतीस. पोरीला कळू द्यायचं न्हाई म्हणून आमाला समद्यांना शपथ घातली हिनं."

आत्या काय काय सांगत होती, त्यातलं काही कानात शिरलं नाही. मंगळसूत्राशेजारी तुझा तो चांदीचा टाक, त्यावर ठोकलेला बाईचा चेहरा, एवढंच डोळ्यापुढं. नवी साडी तू आधी त्याला लावायचीस, ताटातला पहिला घास त्याला दाखवायचीस, आणि मी चिडवायचे, तुझ्या देवीला लय भूक लागती म्हणून. तूही हसायचीस. माझ्या लग्नात अक्षता पडत होत्या तेव्हा तू तो पदरावर काढून हातात धरला होतास. "आत ठेव की, फोटोत कसं दिसतं ते," मी खेकसले होते. "दिसू दे गं तिला," तू म्हणालीस. काल मी तो फोटो शोधून काढला. टाकाचं तोंड माझ्याकडं आहे.

ग्रुपवरचं वाक्य मी पुसून टाकलं. तुला वेणी घालताना दिलेलं उत्तर मला पुसता येत नाही. हे पत्र पाठवायचं तरी कुठं, वहीतच राहील. पण एक सांगते. मला तेव्हाही तसं वाटत नव्हतं. वादात दर वेळी तूच जिंकायचीस, म्हणून बोलले होते.