बरण्यांवरच्या गोधड्या

तीर्थस्वरूप नेवेंकाताईस, धाकट्या रातोमीरचा वाकून नमस्कार.

गुडघा काय म्हणतो? भावोजी गेल्यापासून स्वीडनच्या त्या थंडीत तू एकटी, म्हणून काळजी वाटते. इकडे लेस्कोव्हात्समध्ये सगळे ठीक. माझा रक्तदाब चढता आहे, पण इथे कोणाचा नाही!

बातमी अशी की, आमच्या ‘फ्यूज’ या जोडीची पहिलीवहिली तबकडी निघते आहे. (हसून घे.) चास्लावने मोडक्या रेडिओंची पोटे फाडून घरीच बनवलेला तो सिंथेसायझर आणि माझा गळा, एवढ्यावर आम्ही गाण्यांतली ती ‘न्यू वेव्ह’ची नवी लाट आणायला निघालो होतो. ती आली नि गेली, तरी आमची कॅसेट इतकी वर्षे तशीच पडून होती. आता बेलग्रेडच्या ओग्न्येन नावाच्या दाढीवाल्या पोराला ती जुन्या बाजारात सापडली आणि तिची तबकडी काढतो म्हणत तो थेट माझ्या दारात! आमच्यात लोकांना एकाएकी काय सापडले, याचे मला अजून कोडे आहे.

आम्ही ती कॅसेट जिथे भरली, ती कोठीची खोली तुला आठवत असेलच. नुकतीच लाल मिरच्या भाजून वर्षाची आयवार चटणी घातली होती आणि गरम बरण्या आईने गोधड्यांत गुंडाळून ठेवल्या होत्या. खोलीत आवाज फार घुमायचा, म्हणून आम्ही त्या गोधड्या उपसून भिंतींना टांगल्या. (ही अक्कल चास्लावची. मी फक्त खिळे ठोकले.) उघड्या पडलेल्या बरण्या ऐन गाण्यात तडकू लागल्या आणि तू दार ढकलून ओरडलीस, “मेल्यांनो, बरण्यांवरच्या गोधड्या कुणी काढल्या? वर्षभर काय तारा चावत बसणार?” ते सगळे टेपवर आले. ओग्न्येनला त्यात गहन काव्य दिसते. तो सारखा विचारतो, “काका, ही गाणारी तिसरी कोण? अख्ख्या तबकडीत हिच्याइतकं जीव तोडून कोणीच गात नाही!”

मला राग आला. मी म्हटले, तेवढे कापून टाका. तो म्हणाला, मग तबकडीच नाही. चास्लाव उखडेल असे वाटले होते, पण तो एवढेच म्हणाला, “नेवेंकाला विचारल्याशिवाय मी करारावर सही करणार नाही.” आता सगळे तिथेच अडले आहे.

तुझा,
रातोमीर

ता. क. तेव्हा ‘हो’ एवढे लिहून पाठव. त्यासाठी तर हे पत्र.

पुन्हा ता. क. तू स्वीडनला निघालीस तेव्हा चास्लाव निरोप द्यायला आला नाही, म्हणून तू त्याचे नाव टाकलेस. परवा मी त्याला कारण विचारले. तर म्हणाला, “आलो होतो रे. बसथांब्यावर खांबाआड उभा होतो. तिने एक हाक मारली असती, तर पुढे झालो असतो.” एरवी अख्खी आळी गोळा करणारी तू, नेमकी त्याच दिवशी कशी गं गप्प बसलीस?

शेवटचे. ओग्न्येन म्हणतो, संमती पत्राने कळवली तरी चालेल. चास्लाव म्हणतो, चालणार नाही, तिने समोर येऊन सांगावे.